वाचकांचे प्रश्न : डोमेन कंट्रोलरवरच डीएचसीपी सेवा ठेवावी का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय आणि चार शाखा मिळून सव्वाशेच्या आसपास संगणक आहेत. दोन डोमेन कंट्रोलर (सर्वांचे लॉगइन तपासणारे सर्व्हर) असून त्यांपैकी पहिल्यावर डीएचसीपी, म्हणजे संगणकांना नेटवर्कवरचा पत्ता आपोआप देणारी, सेवा गेली सहा वर्षे विनातक्रार चालू आहे. नुकत्याच झालेल्या माहिती-सुरक्षा लेखापरीक्षणात ती सेवा तेथून हलवावी असा शेरा आला. शिवाय सेवा सुरू होताना इव्हेंट लॉगमध्ये क्रमांक १०५६ चा इशारा दिसतो, त्याकडे आम्ही आजवर लक्ष दिलेले नाही. हा शेरा कितपत गंभीर धरावा, आणि काही बिघडलेले नसताना चालत्या व्यवस्थेला हात का लावावा?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ त्या १०५६ च्या इशाऱ्याची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. डीएचसीपी सेवा डोमेन कंट्रोलरवर चालत आहे आणि डीएनएसमध्ये, म्हणजे कोणत्या नावाच्या यंत्राचा कोणता पत्ता हे सांगणाऱ्या यादीत, नावांच्या नोंदी करण्यासाठी तिला स्वतंत्र खाते दिलेले नाही, एवढेच तो इशारा सांगतो. वाचायला हे साधे वाटते. पण लेखापरीक्षकाच्या शेऱ्यामागचे निम्मे कारण याच एका वाक्यात आहे.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधील खाती आणि संगणक यांच्या नोंदवहीत) ठेवलेल्या डीएनएस झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावांच्या यादीत, ‘सुरक्षित बदल’ हा पर्याय निवडलेला असेल तर, प्रत्येक नोंदीला मालक असतो. ज्या खात्याने नोंद केली तेच खाते पुढे तिच्यात बदल करू शकते. सातबाऱ्याचे उदाहरण घेतले तर हे लगेच ध्यानात येईल : ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याला डावलून कोणी तिऱ्हाईत परस्पर फेरफार करून घेऊ शकत नाही. डीएचसीपी सेवा साध्या सदस्य सर्व्हरवर, म्हणजे डोमेनमध्ये सामील असलेल्या पण डोमेन कंट्रोलर नसलेल्या सर्व्हरवर, असेल तर ती या व्यवस्थेत इतरांसारखीच एक खातेदार असते आणि दुसऱ्याच्या नोंदीला तिचा हात लागत नाही. डोमेन कंट्रोलरवर मात्र ती नेटवर्क सर्व्हिस या अंगभूत खात्याखाली चालते, आणि नेटवर्कवर तिची ओळख म्हणजे त्या डोमेन कंट्रोलरचीच ओळख ठरते. डोमेन कंट्रोलरांना तर झोनमधील सगळ्याच नोंदींवर पूर्ण अधिकार असतात. म्हणजे तलाठ्याचे दप्तर आणि लेखणी समोरच्या खिडकीवर ठेवली, आणि खिडकीवर येणाऱ्याचे नाव-गाव विचारायचे नाही असा नियम केला, अशी ती स्थिती होते. डीएचसीपी ओळख विचारत नाही, हा काही तिचा दोष नव्हे. भिंतीतल्या सॉकेटला केबल लावणाऱ्या कोणत्याही उपकरणाला, ते कोणाचे आहे याची चौकशी न करता, पत्ता देणे हेच तिचे काम आहे. डोमेन कंट्रोलरचे काम नेमके याच्या उलट, म्हणजे ओळख पटल्याशिवाय कोणालाही आत न घेणे हे आहे. माझा मूळ आक्षेप या दोन कामांच्या एकत्र नांदण्याला आहे.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो हे मी काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात पाहिले. तेथील लेखा विभागाचा फाइल सर्व्हर अधूनमधून ‘सापडत नाही’ अशी तक्रार होती. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळे सुरळीत होई, आणि काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येई. केबल बदलून झाली, स्विचचे पोर्ट बदलून झाले. शेवटी तक्रार चालू असतानाच डीएनएस कन्सोल उघडून पाहिले, तेव्हा त्या सर्व्हरच्या नावापुढे सर्व्हरचा स्थिर पत्ता नव्हता. डीएचसीपीच्या स्कोपमधला, म्हणजे उपकरणांना वाटण्यासाठी राखलेल्या पल्ल्यातला, एक पत्ता होता. लीजची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या पत्त्यांची, यादी चाळल्यावर तो पत्ता प्रयोगशाळेत नव्याने आणलेल्या एका स्टोरेज पेटीचा निघाला. पेटी बसवणाऱ्याने तिला नेमके लेखा सर्व्हरचेच नाव दिले होते. जी उपकरणे डीएनएसची नोंद स्वतः मागत नाहीत त्यांच्यासाठीही डीएचसीपीने नोंद करावी, या पर्यायाच्या चौकोनात तेथे खूण केलेली होती. त्यामुळे पेटीने लीजचे नूतनीकरण केले की डोमेन कंट्रोलरच्या अधिकाराने मूळ नोंद पुसली जाई. फाइल सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो आपली नोंद परत लिही, आणि पुढच्या नूतनीकरणापर्यंत काम चाले. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. ज्याचा हेतू वाईट असेल त्याला याहून वेगळे काही करावे लागणार नाही, हे मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले. डिसेंबर २०२३ मध्ये अकामाई कंपनीच्या संशोधकांनी हेच तपशिलाने मांडले : डोमेनमध्ये कोणतेही खाते नसलेली व्यक्ती केवळ डीएचसीपीला विनंती पाठवून डीएनएसच्या नोंदी बदलून घेऊ शकते, आणि सेवा डोमेन कंट्रोलरवर मूळ मांडणीत चालत असेल तर झोनमधील कोणतीही नोंद तिच्या आवाक्यात येते.

यावरचा पहिला उपाय आजच करता येईल आणि त्याला पैसेही लागत नाहीत. डोमेनमध्ये एक साधे वापरकर्ता खाते तयार करावे. त्याला ‘डोमेन युजर्स’ पलीकडे कोणत्याही गटात घालू नये, पासवर्ड लांब ठेवावा आणि त्याची मुदत आपोआप संपणार नाही असे करावे. मुदत संपली तर नोंदी होणे बंद पडते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मग डीएचसीपी कन्सोलमध्ये आयपीव्ही४ वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, तेथे ॲडव्हान्स्ड हा टॅब आणि त्यात क्रेडेन्शियल्स, या ठिकाणी ते खाते द्यावे. सेवा पुन्हा सुरू केल्यावर १०५६ चा इशारा दिसेनासा होईल.

त्यानंतर एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्या नोंदी डोमेन कंट्रोलरच्या नावाने झाल्या आहेत त्यांची मालकी जुनीच राहते, आणि नव्या खात्याला त्या बदलता येत नाहीत. त्यामुळे खाते दिल्यानंतर काही संगणकांची नावे जुन्या पत्त्यांवरच अडकून पडतात, आणि नवे खातेच चुकीचे असावे असा समज होतो. डीएनएस कन्सोलच्या व्ह्यू मेनूत ॲडव्हान्स्ड पर्याय चालू करून एखाद्या नोंदीचा सिक्युरिटी टॅब पाहावा. तिचा खरा मालक तेथे कळतो. लीजवर पत्ता घेणाऱ्या उपकरणांच्या अशा नोंदी तेवढ्या काढून टाकाव्यात, म्हणजे पुढच्या नूतनीकरणाला त्या नव्या मालकीने तयार होतील. हे करताना डोमेन कंट्रोलर, फाइल सर्व्हर अशा स्थिर पत्त्यांच्या नोंदींना आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या नावांच्या फोल्डरांना चुकूनही हात लावू नये.

डीएनएस-अपडेट-प्रॉक्सी नावाचा एक गट आहे. त्याविषयी इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण आपले काम सोपे व्हावे म्हणून अनेक जण डोमेन कंट्रोलरलाच त्या गटात घालतात. या गटातील सदस्याने केलेली नोंद मुद्दाम बेवारस ठेवली जाते, म्हणजे नंतर येणाऱ्याला ती आपल्या नावावर करून घेता यावी. डोमेन कंट्रोलर त्यात गेला की त्याच्या स्वतःच्या नोंदीही, ज्यांच्या आधारे सगळे संगणक लॉगइनसाठी त्याला शोधतात, तशाच उघड्या पडतात. मूळ दुखण्याहून हा इलाज वाईट आहे.

खाते दिल्यावर स्थिर सर्व्हरांच्या नोंदी सुरक्षित होतात. डीएचसीपीनेच लिहिलेल्या नोंदी मात्र एकमेकींवर अजूनही लिहिल्या जाऊ शकतात, कारण त्या सगळ्यांचा मालक एकच असतो. म्हणून ज्या यंत्राच्या नावावर कार्यालयाचे काम अवलंबून आहे, त्याची नोंद डीएचसीपीच्या भरवशावर सोडू नये. डोमेनमध्ये सामील असलेले विंडोज संगणक आपली नोंद स्वतःच्या खात्याने करू शकतात. आपल्याकडे सगळे संगणक तसेच असतील, तर डीएचसीपीकडून डीएनएसमध्ये लिहिणे पूर्ण बंद करण्याचा विचार अवश्य करावा.

आता उरलेले निम्मे कारण. कोणत्याही सेवेत त्रुटी निघतात, तशा विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरमध्येही निघाल्या आहेत. २०१९ च्या फेब्रुवारी, मे आणि जुलै महिन्यांत, तसेच एप्रिल २०२३ मध्ये, दुरून आपला कोड चालवता येईल अशा स्वरूपाच्या त्रुटी मायक्रोसॉफ्टला दुरुस्त कराव्या लागल्या. अशी त्रुटी वेगळ्या सर्व्हरवर वापरली गेली तर एक सर्व्हर हातचा जातो. तीच डोमेन कंट्रोलरवर वापरली गेली तर हल्लेखोर थेट तिजोरीच्या खोलीत उभा राहतो, कारण संस्थेतील प्रत्येकाच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डची सांकेतिक रूपे, त्याच यंत्रात असतात.

याची दुसरी बाजू जून २०२५ मध्ये अनेकांनी अनुभवली. त्या महिन्यातील सुरक्षा अपडेट लावल्यानंतर विंडोज सर्व्हर २०१६ पासून २०२५ पर्यंतच्या आवृत्त्यांवर डीएचसीपी सेवा अधूनमधून प्रतिसाद देईनाशी झाली, आणि त्याची दुरुस्ती जुलैच्या अपडेटमध्ये आली. मधल्या काळात ज्यांची सेवा डोमेन कंट्रोलरवर होती त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : पत्ते मिळत राहावेत म्हणून डोमेन कंट्रोलरवरचे सुरक्षा अपडेट काढून टाकायचे, किंवा अपडेट ठेवून सेवा पुन्हा पुन्हा सुरू करत बसायचे. वेगळ्या सर्व्हरवर सेवा असणाऱ्यांनी त्या एका सर्व्हरपुरता निर्णय घेतला, आणि डोमेन कंट्रोलर सुरक्षित राहिला.

तेव्हा लेखापरीक्षकाचा शेरा बरोबर आहे. त्यात घाबरून जाण्यासारखे काही नाही, पण तो बाजूला ठेवण्यासारखाही नाही. स्वतंत्र खाते याच आठवड्यात द्यावे आणि सेवा हलवण्याचे काम येत्या तिमाहीत करावे. ‘सहा वर्षे काही झाले नाही’ हे विधान मी या व्यवसायात फार वेळा ऐकले आहे. त्या सहा वर्षांत लॉग कोणी पाहत होते का, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो. डीएचसीपीचे ऑडिट लॉग वारांच्या नावाने ठेवलेले असतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाराची फाइल पुन्हा लिहिली जाते. वेगळीकडे साठवले नसतील तर आठ दिवसांपूर्वी कोणत्या उपकरणाने कोणता पत्ता घेतला होता, हे आज सांगता येणार नाही.

प्रश्न : आमची शिक्षणसंस्था लहान आहे. चाळीस संगणक आणि एकच सर्व्हर. डोमेन, फाइल, प्रिंट, डीएचसीपी सगळे त्यावरच आहे. दुसरा सर्व्हर घेण्याची संस्थेची ऐपत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावे?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपण एकट्या नाहीत. सगळे एकाच पेटीत ही पद्धत मायक्रोसॉफ्टनेच लहान कार्यालयांना दिली होती. स्मॉल बिझनेस सर्व्हर या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात डोमेन कंट्रोलर, डीएचसीपी, इतकेच नव्हे तर ई-मेल सर्व्हरही एकाच यंत्रावर असे. त्या संचाची शेवटची आवृत्ती २०११ ची; पण ती सवय अजून मागे राहिली आहे.

नवे यंत्र न घेताही मार्ग निघू शकतो. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीच्या परवान्यात, यंत्रातील सर्व कोअरसाठी तो घेतलेला असेल तर, दोन आभासी सर्व्हर, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र सर्व्हर, चालवण्याची मुभा असते. अट अशी की मूळ यंत्रावर हायपर-व्ही (आभासी सर्व्हर चालवणारी विंडोजची सोय) आणि त्याची देखभाल याखेरीज दुसरे काम ठेवायचे नाही. एका आभासी सर्व्हरवर केवळ डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, दुसऱ्यावर फाइल, प्रिंट आणि डीएचसीपी, अशी विभागणी करता येते. आपल्या यंत्रात १६ जीबी मेमरी असली तरी चाळीस संगणकांसाठी हे जमते. परवान्याचे कागद काढून पाहावेत. विकत घेतलेला हक्क कपाटात पडून आहे, हे मी कित्येक संस्थांत पाहिले आहे.

तेही शक्य नसेल तर आपल्या फायरवॉल किंवा राउटरमधील डीएचसीपी वापरावी. तेथे एक काळजी घ्यावी. संगणकांना जो डीएनएस पत्ता दिला जातो तो डोमेन कंट्रोलरचाच असावा, आणि ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून दुसऱ्या रकान्यात इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा पत्ता भरू नये. बाहेरच्या डीएनएसला आपल्या डोमेनचा ठावठिकाणा माहीत नसतो. संगणक कधी पहिल्याला विचारतो, कधी दुसऱ्याला, आणि मग ‘आज लॉगइनला पाच मिनिटे लागली, काल नीट होते’ अशा तक्रारी सुरू होतात, ज्यांचा माग काढणे अतिशय जिकिरीचे असते.

यांपैकी काहीच जमत नसेल तर डोमेन कंट्रोलरवरच सेवा चालू द्यावी, पण वरच्या उत्तरात सांगितलेले स्वतंत्र खाते देऊन, आणि रिकाम्या वर्गांतील नेटवर्क पोर्ट स्विचवर बंद करून.

प्रश्न : डोमेन कंट्रोलरवरची डीएचसीपी सेवा नव्या सदस्य सर्व्हरवर नेण्याचे ठरले आहे. शनिवारी रात्री काम करून सोमवारी कोणाचेही काम अडू नये, यासाठी क्रम कसा ठेवावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शनिवारचे काम आदल्या सोमवारी सुरू होते, असे धरून चालावे. लीजची मूळ मुदत आठ दिवसांची असते आणि संगणक त्या मुदतीच्या मध्यावर, म्हणजे चौथ्या दिवशी, नूतनीकरण मागतो. मुदत कमी करण्याचा बदल शुक्रवारी केला तर सतत चालू असणाऱ्या यंत्रांना, विशेषतः प्रिंटर आणि हजेरीच्या यंत्रांना, तो शनिवारपर्यंत कळतच नाही. म्हणून निदान चार दिवस आधी, शक्यतो पाच, मुदत आठ तासांवर आणावी.

शनिवारी नव्या सर्व्हरवर डीएचसीपीचा रोल टाकून जुन्या सर्व्हरची सेटिंग्ज लीजसह निर्यात करावीत. लीजसह हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते स्कोप नेले तर नवा सर्व्हर कोणाकडे कोणता पत्ता आहे हे न जाणता वाटप सुरू करील. निर्यात होताच जुनी सेवा थांबवून ती आपोआप सुरू होणार नाही अशी करावी, मग नव्यावर आयात करावी आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नव्या सर्व्हरला अधिकृत करावे. त्यासाठी एंटरप्राइझ ॲडमिन्सचे अधिकार लागतात, ते खाते शनिवारी रात्री हाताशी आहे याची खात्री शुक्रवारीच करावी. यानंतर लेयर ३ स्विचवर प्रत्येक व्हीलॅनसाठी, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक वेगळ्या केलेल्या भागासाठी, नोंदलेला रिलेचा पत्ता (त्या भागातील विनंत्या ज्या सर्व्हरकडे पुढे पाठवायच्या तो) नव्या सर्व्हरचा करावा. ही पायरी सर्वाधिक विसरली जाते, कारण सर्व्हरच्याच व्हीलॅनमध्ये बसून चाचणी घेणाऱ्याला रिलेविनाही पत्ता मिळतो आणि सारे ठीक आहे असे वाटते. चाचणी दुसऱ्या मजल्यावर जाऊन घ्यावी.

ज्या संगणकांना जुनाच सर्व्हर माहीत आहे ते नूतनीकरणासाठी त्यालाच विचारतील आणि त्यांना उत्तर मिळणार नाही. काळजी करू नये. लीजचा साडेसत्त्याऐंशी टक्के काळ उलटला की ते सर्वांना उद्देशून विचारतात आणि नवा सर्व्हर, त्याच्याकडे लीजची यादी असल्यामुळे, तोच पत्ता कायम करतो. आठ तासांच्या मुदतीत हे सातव्या तासाला घडते. सोमवारी सकाळी नव्या सर्व्हरच्या लीज यादीतील मुदती पुढे सरकलेल्या दिसल्या की जुन्याचे अधिकृतपण काढावे, काही दिवसांनी त्याचा रोल काढावा, आणि लीजची मुदत पूर्ववत करावी.

आपल्याकडे दोन सदस्य सर्व्हर असतील तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून मिळणारी फेलओव्हर जोडी, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा पत्ते देत राहील अशी जोडी, अवश्य करावी. मात्र ती जोडी लीजची माहिती आपोआप एकमेकांना देते, स्कोपच्या सेटिंग्जमधले बदल नाही. नवा आरक्षित पत्ता एका सर्व्हरवर टाकला की रेप्लिकेट हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. डीएनएस नोंदींसाठीचे स्वतंत्र खातेही दोन्हीकडे वेगवेगळे भरावे लागते, आणि ते एकच खाते असले पाहिजे. नाहीतर एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याला बदलता येणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे पाहुण्यांच्या वाय-फायसाठी वेगळे व्हीलॅन केले. तेथे पत्ते मिळावेत म्हणून डोमेन कंट्रोलरला दुसरे नेटवर्क कार्ड लावून ते त्या व्हीलॅनमध्ये जोडले. तेव्हापासून कार्यालयातील काही संगणकांना लॉगइनला फार वेळ लागतो. संबंध असू शकेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संबंध आहे, आणि ते कार्ड आजच काढावे. दोन पत्ते असलेला डोमेन कंट्रोलर आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवतो. कार्यालयातील ज्या संगणकाला उत्तरादाखल पाहुण्यांच्या व्हीलॅनमधला पत्ता मिळतो तो तेथे पोहोचू शकत नाही, वाट पाहतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. आपल्याला जाणवणारा उशीर तो हाच. उशीर हा तरी दिसणारा त्रास आहे. पाहुण्यांच्या मोबाइलपासून आपल्या डोमेन कंट्रोलरपर्यंत मध्ये एकही फायरवॉल उरलेला नाही, हा न दिसणारा त्रास त्याहून मोठा आहे.

पाहुण्यांच्या व्हीलॅनला पत्ते देण्याचे काम वाय-फायच्या कंट्रोलरकडे किंवा फायरवॉलकडे सोपवावे, आणि त्यांना डीएनएस पत्ताही बाहेरचाच द्यावा. कार्ड काढल्यावर डीएनएसमध्ये जाऊन डोमेन कंट्रोलरच्या नावापुढची त्या कार्डाच्या पत्त्याची नोंद शिल्लक राहिली आहे का ते पाहावे, आणि डोमेनच्याच नावाने असलेली दुसरी नोंदही तपासावी. ती दुसरी नोंद बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि कार्ड काढूनही लॉगइन मंदच राहते.